परवाना आणि मिल्टन

बँकेतली माझी निम्मी नोकरी दुसऱ्यांच्या सह्या पडताळण्यात गेली. अंध खातेदार आला की कागद त्याला मोठ्याने वाचून दाखवायचा, साक्षीदार बसवायचा आणि मगच सही घ्यायची, असा शिरस्ता. त्यामुळेच की काय, जॉन मिल्टन मला आवडू लागला तो कवितेपेक्षा एका करारनाम्यामुळे. २७ एप्रिल १६६७ रोजी सॅम्युएल सिमन्स या मुद्रकाने त्याला ‘पॅराडाइज लॉस्ट’साठी रोख ५ पौंड दिले, १३०० प्रती खपल्यावर आणखी ५ देण्याचे कबूल केले. कवीची दृष्टी १६५२ मध्येच पूर्ण गेली होती.

मिल्टनचा जन्म १६०८ चा, लंडनमधला. वडील दस्तऐवज लिहून देत, व्याजाने पैसे देत. म्हणजे आमच्याच धंद्यातले! १६४२ मध्ये त्याने लग्न केले तेही वडिलांच्या एका ऋणकोच्या मुलीशी. ती थोड्याच दिवसांत माहेरी गेली आणि १६४५ पर्यंत परतली नाही. दरम्यान त्याने घटस्फोटाच्या बाजूने पुस्तिका लिहिली आणि गहजब झाला. परवान्याशिवाय काही छापायचे नाही, असा हुकूम पार्लमेंटने जून १६४३ मध्येच काढला होता. हे पार्लमेंट राजाविरुद्ध लढणारे, मिल्टनच्याच पक्षाचे. तरी नोव्हेंबर १६४४ मध्ये त्याने या हुकुमाविरुद्ध ‘अॅरिओपॅजिटिका’ छापली. परवाना न घेता, पण स्वतःचे नाव घालून. पार्लमेंटने ढुंकूनही पाहिले नाही.

१६४९ मध्ये राजाचा शिरच्छेद झाला, मिल्टनला सरकारी नोकरी मिळाली आणि १६५१ मध्ये हाच गृहस्थ एका सरकारी वृत्तपत्राला परवाने देताना दिसतो! अभ्यासक यावर पुष्कळ वाद घालतात. मला हसण्याचा अधिकार नाही. माझी पहिली कादंबरी छापायची तर वरिष्ठांची लेखी परवानगी लागत होती. अर्ज चार महिने पडून राहिला. पुढे मी अधिकारी झालो, तेव्हा एका कारकुनाचा कथासंग्रहाचा अर्ज माझ्या खणात जवळजवळ तितकाच राहिला. कामाचा रगाडा होता, असे मी त्याला सांगितले.

१६६० मध्ये राजेशाही परतली. मिल्टनची पुस्तके जाहीरपणे जाळली गेली, त्याला तुरुंगवास घडला. सुटताना तुरुंगाचा खर्च म्हणून १५० पौंड मागण्यात आले, तेव्हा कवी आणि खासदार अँड्र्यू मार्वेलने पार्लमेंटमध्ये तक्रार केली. पुढे रात्री ओळी मनात जुळवायच्या आणि सकाळी जो हाताशी असेल त्याच्याकडून उतरवून घ्यायच्या, असे चालले.

देवाच्या सत्तेविरुद्ध बंडाची ही कथा आता आर्चबिशपच्या पदरच्या टॉमकिन्स या धर्मोपदेशकाने तपासायची होती. सूर्यग्रहणाने राजे धास्तावतात, या ओळींवर तो अडला, असे सांगतात. शेवटी परवाना दिला. तो ज्यावर आहे ते पहिल्या सर्गाचे हस्तलिखित न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत आहे.

दुसरे ५ पौंड एप्रिल १६६९ मध्ये मिळाले. मिल्टन १६७४ मध्ये वारला. १६८० मध्ये विधवेने ८ पौंड घेऊन उरलेला सारा हक्क सोडला. एकूण १८ पौंड.