गॉडविनचा न्याय आणि घरचा उंबरठा

एका वाड्याला आग लागली आहे. आत दोघे अडकले आहेत आणि त्यांतील एकालाच बाहेर काढणे शक्य आहे. एक कांब्रेचा आर्चबिशप फेनेलाँ, ज्याच्या ग्रंथांनी हजारो वाचकांचे कल्याण साधले. दुसरी त्याच्याच वाड्यातील मोलकरीण. वाचवावे कोणाला? विल्यम गॉडविन या इंग्रज विचारवंताने १७९३ साली आपल्या राजकीय न्यायावरील ग्रंथात निःशंकपणे उत्तर दिले: फेनेलाँला. ती मोलकरीण वाचविणाऱ्याची पत्नी किंवा आई असली, तरी हा निर्णय बदलत नाही, असेही त्याने बजावले. इंग्लंडभर संताप उसळला. १७९६च्या आवृत्तीत मोलकरणीच्या जागी नोकर आणि आईच्या जागी बाप आला. तर्क मात्र तोच राहिला.

हा माणूस हृदयशून्य होता काय? त्याचे चरित्र तसे सांगत नाही. विस्बेच येथे १७५६ साली एका धर्मोपदेशकाच्या घरी जन्मलेला गॉडविन स्वतःही काही काळ धर्मोपदेशक होता. पुढे श्रद्धा गेली, पण कर्तव्याची कठोर जाणीव गेली नाही. आपले धन, वेळ आणि बुद्धी ही समाजाची ठेव असून ज्याला तिची सर्वाधिक गरज आहे त्याचा तिच्यावर हक्क आहे, ही त्याची शिकवण. १७९४ साली सरकारने सुधारणावाद्यांवर राजद्रोहाचे खटले भरले, तेव्हा त्याने निनावी लेख लिहून आरोपांचा कायदेशीर पायाच उखडून दाखविला. त्या वातावरणात असे लिहिणे धोक्याचे होते. ज्युरीने पुढे आरोपींना निर्दोष ठरविले.

परंतु सिद्धान्ताची खरी परीक्षा न्यायालयात नव्हे, तर घरात झाली. विवाहसंस्थेवर कडाडून टीका करणाऱ्या गॉडविनने मार्च १७९७ मध्ये मेरी वुलस्टनक्राफ्टशी विवाह केला. स्त्रियांच्या हक्कांची ही थोर पुरस्कर्ती त्याच वर्षी ३० ऑगस्टला एका कन्येस जन्म देऊन १० सप्टेंबरला निवर्तली. मागे राहिली ती नवजात मेरी आणि वुलस्टनक्राफ्टची आधीची तीन वर्षांची मुलगी फॅनी. फॅनीशी गॉडविनचे रक्ताचे नाते नव्हते. तरीही त्याने तिला आपले नाव देऊन वाढविले. समाजहिताचा हिशेब मांडून कोणी असे करीत नाही.

पत्नीचे चरित्र मात्र त्याने १७९८ साली निःपक्षपाती सत्यनिष्ठेने लिहिले. तिचे पूर्वीचे प्रेमसंबंध आणि आत्महत्येचे प्रयत्न, काहीही झाकले नाही. परिणामी तिच्या विचारांऐवजी तिच्या आचरणाचीच चर्चा दीर्घकाळ होत राहिली. पुढच्याच वर्षी आपल्या एका कादंबरीच्या प्रस्तावनेत त्याने जाहीर केले, की कौटुंबिक जिव्हाळा मानवी स्वभावापासून वेगळा करता येत नाही आणि न्यायबुद्धीशी त्याचा विरोधही नाही. १८०१ साली टीकाकारांना उत्तर देताना त्याने सर्वांचे हित ही कृतीची कसोटी म्हणून कायम ठेवली. मात्र माणसाला कृतीस प्रवृत्त करणारी शक्ती बहुधा ममताच असते, हे मान्य केले.

उत्तरायुष्यात या शिकवणीची दुसरी बाजूही प्रकट झाली. पुस्तकांच्या धंद्यात कर्जबाजारी झालेल्या गॉडविनने कवी शेली याच्याकडून पैसे घेतले, ते गरजवंताचा हक्क या तत्त्वानुसारच. १८१४ साली शेली सोळा वर्षांच्या मेरीला घेऊन निघून गेला, तेव्हा गॉडविनने दोघांना दाराबाहेर ठेवले. पैसे मात्र घेत राहिला. १८१६ साली फॅनीने आत्महत्या केली आणि सत्याच्या या उपासकाने घरची अब्रू राखण्यासाठी मौन पत्करले. निःपक्षपातीपणाचे तत्त्व स्वार्थाच्या कामीही येऊ शकते आणि त्याचा कट्टर प्रवक्ताही आपल्या माणसांसाठी ते दूर ठेवू शकतो, हेच येथे दिसते.

म्हणून ते तत्त्व टाकाऊ ठरते काय? तसे नाही. स्वतःच्या मुलाची उत्तरपत्रिका तपासणारा शिक्षक किंवा नातलगाचा अर्ज वर सरकवू पाहणारा कारकून यांना आवर घालण्यास गॉडविनचीच कसोटी लागते. तेथे समोरच्याचा गुण अथवा हक्क पाहावयाचा असतो, नाते नव्हे. तथापि आजारी आईच्या उशाशी बसलेल्या मुलाने तिची उपयुक्तता जगाच्या तराजूत तोलू नये. त्या मायेतूनच तो परक्याचे दुःख ओळखावयास शिकतो. ममता ही चालविणारी शक्ती आणि न्याय हा तिचा लगाम. यांपैकी एकानेच प्रवास होत नाही. १८३६ साली ऐंशीव्या वर्षी गॉडविन वारला, तेव्हा त्याला मेरी वुलस्टनक्राफ्टच्या शेजारीच चिरविश्रांती देण्यात आली. तशी त्याचीच इच्छा होती.