स्टेथोस्कोपचा जनक

आपण आजारी पडलो की दवाखान्यात जातो. डॉक्टर आपल्याला निरखून पाहतात. पोट दाबून पाहतात. छातीवर एक बोट ठेवून त्यावर दुसऱ्या बोटाने हलकेच ठोकतात. मग स्टेथोस्कोप कानांना लावून छातीतील आवाज ऐकतात. हा स्टेथोस्कोप रेने लेनेक या फ्रेंच डॉक्टरांनी शोधून काढला.

लेनेक यांचा जन्म १७ फेब्रुवारी १७८१ रोजी फ्रान्समधील कँपेर या गावी झाला. ते लहान असतानाच त्यांची आई वारली. नांत शहरातील डॉक्टर काकांनी त्यांना सांभाळले व वैद्यकाची गोडी लावली. १८०१ मध्ये लेनेक शिक्षणासाठी पॅरिसला आले. तेथे कोर्व्हिसार हे त्यांचे गुरू होते. छातीवर ठोकून आतील रोग कसा ओळखावा, हे ते शिकवत. भरलेल्या आणि रिकाम्या घागरीचा आवाज वेगळा येतो ना? तसेच हे असते.

१८१६ मध्ये लेनेक पॅरिसच्या नेकर रुग्णालयात काम करत होते. एके दिवशी हृदयविकाराची लक्षणे असलेली एक तरुण स्त्री तपासणीसाठी आली. ती लठ्ठ असल्यामुळे ठोकून काही कळेना. तिच्या छातीला कान लावणे लेनेक यांना योग्य वाटेना. आता काय करावे? तेवढ्यात त्यांना एक गोष्ट आठवली. लाकडी तुळईच्या एका टोकाला टाचणीने खरवडले, तर दुसऱ्या टोकाला तो आवाज स्पष्ट ऐकू येतो. त्यांनी लगेच कागदांची घट्ट गुंडाळी केली. तिचे एक टोक रुग्णाच्या छातीवर ठेवले व दुसऱ्या टोकाला कान लावला. काय आश्चर्य! हृदयाचे ठोके नुसत्या कानापेक्षाही स्पष्ट ऐकू आले.

लेनेक बासरी वाजवत. त्यांना लाकूडकामही येत असे. त्यांनी सुमारे ३० सेंटिमीटर लांबीची लाकडी नळी तयार केली. या नळीने ते अनेक रुग्णांची छाती तपासत व ऐकलेले आवाज लिहून ठेवत. रुग्ण दगावल्यास शवविच्छेदन करून आपला अंदाज बरोबर होता की चूक, हे पडताळून पाहत. अशा रीतीने कोणता आवाज कोणत्या रोगाचा, हे त्यांनी ठरवले. १८१९ मध्ये त्यांनी यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला.

पुढे लेनेक यांनाच क्षयरोग झाला. त्या काळी या रोगावर औषध नव्हते. त्यांच्या नात्यातील मेरियादेक या तरुण डॉक्टरने त्याच नळीने त्यांची छाती तपासली. ऐकू आलेले आवाज क्षयाचे होते. ते आवाज ओळखायला लेनेक यांनीच जगाला शिकवले होते. १३ ऑगस्ट १८२६ रोजी, वयाच्या ४५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आज स्टेथोस्कोपला दोन्ही कानांसाठी लवचीक नळ्या असतात. पण नळी कानाला लावली म्हणजे रोग कळतो असे नाही. त्यासाठी लेनेक यांच्याप्रमाणे लक्ष देऊन ऐकावे लागते आणि ऐकलेले पडताळून पाहावे लागते.