पांडुरंग सदाशिव खानखोजे : धान्यसेवेस वाहिलेले जीवन

आपल्या पालघर-बोईसर-तारापूर भागातील शेतकरी बांधवांस ठाऊकच आहे, की युरियाचा हात सैल सुटला म्हणजे भात काळेभोर माजते आणि लोंबी भरण्याच्या सुमारास वाऱ्यापावसाने आडवे लोळते. एकरी धान्य अधिक कसे पिकावे, या प्रश्नाशी ज्यांचे आयुष्य जडले गेले, अशा एका मराठी पुरुषाचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहे.

खानखोजे यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वर्ध्यास झाला. लोकमान्य टिळकांच्या विचारांनी भारून ते तरुण वयातच परदेशी गेले. सशस्त्र क्रांतीने देश सोडवावा हा त्यांचा ध्यास. म्हणून अमेरिकेत त्यांनी युद्धविद्या व कृषिविद्या या दोहोंचा अभ्यास केला. तेथे 1913 साली उभ्या राहिलेल्या गदर चळवळीत ते अग्रभागी होते. पहिल्या महायुद्धात इराणच्या बाजूने इंग्रजांवर चाल करण्याचा प्रयत्न त्यांनी केला. परंतु तो फसला, आणि मायदेशाची वाट त्यांस दीर्घकाळ बंद झाली.

घर नाही, देश नाही, हेतू विफल. अशा स्थितीत पुष्कळांचे मन कडवट होते. खानखोजे 1924 च्या सुमारास मेक्सिकोस गेले, चापिंगो येथील कृषिविद्यालयात प्राध्यापक झाले आणि मका व गहू यांच्या सुधारणेत गढून गेले. दुष्काळास व रोगास तोंड देणारी वाणे शोधावीत, आणि ती विद्या गरीब कुळांच्या दारी न्यावी, यासाठी त्यांनी शेतकऱ्यांच्या मुक्त कृषिशाळा चालविल्या. दिएगो रिव्हेरा या चित्रकाराने मेक्सिको शहरातील एका भित्तिचित्रात त्यांस भाकरी मोडून देणारा म्हणून रंगविले आहे. रोजची भाकर मागणाऱ्या आपणांस त्या चित्राचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

पुढे 1944 पासून त्याच मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांनी गव्हावर काम केले. नत्र अधिक दिले की उंच ताट लोळते, ही मुख्य अडचण होती. जपानी बुटक्या गव्हाशी संकर करून त्यांनी आखूड ताटाची वाणे काढली. रोपाच्या अंगी जिबरेलिन नावाचे वाढ घडविणारे द्रव्य असते. या वाणांवर त्याचा परिणाम मंद, म्हणून ताट आखूड राहते आणि खताचे बळ दाण्यास मिळते. युरोपात हेच काम काही ठिकाणी औषध फवारूनही साधतात. 1966 साली मेक्सिकोतून 18,000 टन बियाणे भारतात आले. स्वातंत्र्यानंतर मायदेशी परतलेले खानखोजे तेव्हा नागपुरास होते. 22 जानेवारी 1967 रोजी त्यांचे देहावसान झाले. 2022 साली चापिंगोस त्यांचा पुतळा उभा राहिला.

तथापि आखूड ताटासही मर्यादा आहेच. युरियात शेकडा 46 भाग नत्र असते. एकदम फेकल्यास बरेचसे हवेत व पाण्यात जाते, कीड वाढते, विहिरीही बिघडतात. लावणीस, फुटव्यास व पोटरीच्या आधी असे वाटून दिलेले खतच पिकाच्या कामी येते. पराभवाने खचून न जाता भुकेल्याच्या ताटाकडे वळलेल्या त्या पुरुषाचे स्मरण आपण मुठीतले खत मोजून टाकताना करू या.