कर्नल शॉ आणि चोपन्नावी पलटण

अमेरिकेच्या यादवी युद्धाविषयी आपल्याकडील विद्यार्थ्याला बहुधा दोन गोष्टी ठाऊक असतात. एक अब्राहम लिंकन आणि दुसरी गुलामांची मुक्तता. लिंकन यांनी जाहीरनामा काढला आणि गुलाम मुक्त झाले, एवढे उत्तर परीक्षेच्या वहीत लिहून आपण मोकळे होतो. परंतु त्या जाहीरनाम्याचे शब्द कागदावरून जमिनीवर उतरावेत म्हणून जे लढले, त्यांत सुमारे एक लाख ऐंशी हजार काळे सैनिक होते. त्यांपैकी एका पलटणीचा, आणि वयाच्या पंचविसाव्या वर्षी तिच्या अग्रभागी मरण पावलेल्या तिच्या गोऱ्या कर्नलचा हा वृत्तांत आहे.

रॉबर्ट गूल्ड शॉ याचा जन्म १० ऑक्टोबर १८३७ रोजी बोस्टन शहरी झाला. घराणे पिढीजात श्रीमंत. चार बहिणींत हा एकुलता एक मुलगा. वडील फ्रान्सिस शॉ आणि आई सारा ही दोघेही गुलामगिरीची कट्टर विरोधक, आणि त्या चळवळीतील नामवंत माणसांचा घरी सतत राबता असे. मुलाचे शिक्षण मात्र तुकड्यातुकड्यांनी झाले. काही काळ स्वित्झर्लंडमध्ये, काही काळ जर्मनीत हॅनोव्हर येथे. १८५६ साली तो हार्वर्डमध्ये दाखल झाला आणि तीन वर्षांनी पदवी न घेताच बाहेर पडला. मग न्यूयॉर्कला मामांच्या व्यापारी पेढीत कारकुनी केली, तीही त्याला मनापासून आवडली नाही. थोडक्यात, पुढे इतिहासात नाव होईल असे लक्षण या तरुणात कोणाला दिसले नव्हते. आईवडिलांची तळमळही त्याच्यात जशीच्या तशी उतरली होती असे नव्हे. गुलामगिरी वाईट, हे त्याला पटले होते. पण त्यासाठी आयुष्य वेचावे इतकी ओढ त्याला नव्हती.

एप्रिल १८६१ मध्ये युद्धाला तोंड फुटले आणि या भटक्या मनाला एकदम ठिकाण सापडले. तो प्रथम न्यूयॉर्कच्या एका स्वयंसेवक पलटणीत दाखल झाला आणि लगेच मॅसॅच्युसेट्सच्या दुसऱ्या पलटणीत अधिकारी झाला. सीडर माउंटनची लढाई त्याने पाहिली. १७ सप्टेंबर १८६२ रोजी अँटीटमला एका दिवसात दोन्ही बाजूंची मिळून सुमारे तेवीस हजार माणसे मेली वा जखमी झाली. त्या दिवशी शॉच्या मानेला एक निसटती गोळी लागली. बरोबरचे मित्र एकामागून एक गेले. तो कॅप्टन झाला. या पलटणीवर त्याचा जीव होता, आणि ती सोडण्याचा विचारही त्याच्या मनात नव्हता.

१ जानेवारी १८६३ रोजी लिंकन यांचा मुक्तीचा जाहीरनामा अमलात आला व काळ्या माणसांना सैन्यात घेण्याचा मार्ग खुला झाला. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर जॉन अँड्र्यू यांनी लगोलग परवानगी मिळवून उत्तरेतील स्वतंत्र काळ्या नागरिकांची एक पलटण उभारायचे ठरवले. तिचा क्रमांक चोपन्न. अधिकारी मात्र गोरे असावेत, अशी वॉशिंग्टनची अट होती. कर्नल म्हणून अँड्र्यू यांनी शॉची निवड केली आणि पत्र त्याच्या वडिलांच्या हाती दिले. फ्रान्सिस शॉ ते पत्र घेऊन ऐन हिवाळ्यात व्हर्जिनियातील छावणीवर गेले.

मुलाने नकार दिला. हा नकार चरित्रकारांनी झाकलेला नाही, आणि झाकण्याचे कारणही नाही. एवढी जबाबदारी आपल्याला पेलेल का, ही त्याची पहिली शंका. जुन्या सोबत्यांना सोडून जाणे ही दुसरी अडचण. शिवाय काळ्यांचा कर्नल म्हणून होणारी टवाळी त्याला दिसत होती. कारण काळा माणूस बंदूक हाती घेऊन उभा राहील यावर तेव्हा उत्तरेतल्याही बहुसंख्य गोऱ्यांचा विश्वास नव्हता. वडील रिकाम्या हातांनी परत निघाले. एक-दोन दिवसांतच त्याचे मन फिरले आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात त्याने तारेने होकार कळवला. रणांगणावर पुढे धावणाऱ्याला मागून हजारोंचा रेटा असतो. या होकारामागे तसा कोणाचाच रेटा नव्हता. माझ्या मते त्याच्या धैर्याची मोजदाद येथून सुरू करावी.

बोस्टनजवळ रेडव्हिल येथे छावणी पडली. मॅसॅच्युसेट्समध्ये काळी वस्ती थोडी, म्हणून पेनसिल्व्हेनिया, ओहायो, न्यूयॉर्क, एवढेच काय, कॅनडापासून माणसे आली. स्वतः गुलामगिरीतून पळून आलेले प्रसिद्ध वक्ते फ्रेडरिक डग्लस भरतीसाठी गावोगाव हिंडले आणि ल्यूइस व चार्ल्स हे आपले दोन मुलगे त्यांनी याच पलटणीत घातले. शेतकरी, खलाशी, न्हावी, गाडीवान अशी नाना धंद्यांची ही माणसे होती, आणि त्यांतल्या कित्येकांना लिहितावाचता येत होते. शॉची सुरुवातीची पत्रे वाचली तर त्यांत काळ्यांविषयी हलके शब्दही आढळतात, आणि ही माणसे किती लवकर शिकतात याचे आश्चर्यही आढळते. त्याची शिस्त करडी होती, शिक्षा कधी कधी फारच कडक. पण जसजसे आठवडे गेले तसतसे ते हलके शब्द विरळ होत गेले. सैनिकांना त्याने घडवले हे खरे. सैनिकांनीही त्याला घडवले, हेही तितकेच खरे.

इकडे दक्षिणेच्या बंडखोर सरकारने जाहीर केले होते की पकडलेल्या काळ्या सैनिकांना युद्धकैदी मानले जाणार नाही, त्यांना राज्यांच्या ताब्यात दिले जाईल. आणि त्यांच्या गोऱ्या अधिकाऱ्यांना गुलामांचा उठाव घडवल्याबद्दल देहांतापर्यंत शिक्षा होईल. म्हणजे या पलटणीतील प्रत्येकाला, कर्नलपासून ढोलकऱ्यापर्यंत, शरण जाण्याची वाट बंद होती.

२ मे १८६३ रोजी शॉचे ॲनी हॅगर्टीशी न्यूयॉर्कला लग्न झाले. २८ मे रोजी पलटण बोस्टनच्या रस्त्यांतून संचलन करीत बंदराकडे निघाली. नऊ वर्षांपूर्वी याच शहरातून अँथनी बर्न्स नावाच्या पळून आलेल्या गुलामाला शिपायांच्या पहाऱ्यात परत दास्यात पाठवले होते. आता हजारावर काळे सैनिक खांद्यावर बंदुका घेऊन चालले होते आणि दुतर्फा गर्दी टाळ्या वाजवत होती. घरासमोरून जाताना घोड्यावरच्या शॉने सज्जातल्या आपल्या माणसांकडे पाहून तलवार ओठांना लावली. लग्नाला त्या दिवशी सव्वीस दिवस झाले होते. ॲनी पुढे १९०७ पर्यंत जगली. तिने पुन्हा विवाह केला नाही.

दक्षिणेत पहिला अनुभव आला तो लढाईचा नव्हे, लुटीचा. ११ जून रोजी जॉर्जियातील डॅरियन हे जवळजवळ ओस पडलेले गाव कर्नल माँटगोमेरी या ज्येष्ठ अधिकाऱ्याने आधी लुटायला आणि मग जाळायला लावले. शॉला हा हुकूम अंगावर शहारे आणणारा वाटला. त्याने आपल्या लोकांना शक्य तितके आवरले, पण हुकूम सर्वस्वी मोडला नाही. नंतर वरिष्ठांकडे पत्र पाठवून विचारणा केली आणि गव्हर्नरांनाही कळवले. त्याची खंत दुहेरी होती. निःशस्त्र लोकांची घरे जाळणे हे सैनिकाचे काम नव्हे, ही एक. दुसरी अशी की काळे सैनिक म्हणजे लुटारू, हे शत्रूचे म्हणणे आपणच खरे करीत आहोत. त्याने तेथल्या तेथे साफ नकार द्यायला हवा होता, असे म्हणणारे आहेत. मलाही तसेच वाटते. पण लष्करी हुकूम ज्याने कधी झेलला नाही त्याने हे फार जोराने म्हणू नये.

मग पगाराचा प्रश्न आला. भरतीच्या वेळी गोऱ्या सैनिकाइतकाच, म्हणजे महिना १३ डॉलर पगार कबूल केला होता. प्रत्यक्षात सरकारने काळ्या सैनिकाला १० डॉलर ठरवले आणि त्यांतूनही कपड्यांचे ३ कापायचे. हाती ७ डॉलर. सैनिकांनी तो पगार घेण्याचे नाकारले, आणि कर्नल त्यांच्या बाजूने उभा राहिला. पूर्ण पगार द्या, नाहीतर पलटण मोडून माणसांना घरी पाठवा, असे त्याने गव्हर्नरांना लिहिले. पुढे मॅसॅच्युसेट्सने उरलेली रक्कम राज्याच्या तिजोरीतून देऊ केली, तरी सैनिकांनी तीही घेतली नाही. प्रश्न सहा डॉलरांचा नव्हता, बरोबरीचा होता. मागे बायकामुले उपाशी होती, कित्येक कुटुंबे धर्मादायावर जगत होती. तरी ही माणसे अठरा महिने बिनपगारी लढली. रणांगणावरचे शौर्य क्षणाचे असते. हे अठरा महिन्यांचे शौर्य मला त्याहून अवघड वाटते, आणि त्याबद्दल पुतळे कमी उभारले जातात. जून १८६४ मध्ये काँग्रेसने समान पगाराचा कायदा केला. तो पाहायला शॉ उरला नव्हता.

त्याच सुमारास काळ्यांच्या हातच्या बंदुका काढून त्यांना लांब भाले द्यावेत अशीही एक योजना वरच्या वर्तुळात बोलली जात होती. शॉ संतापला. आपली पलटण गोऱ्या पलटणींच्या शेजारी लढली पाहिजे, तरच तिची किंमत सिद्ध होईल, असे त्याने जनरल स्ट्राँग यांना लिहिले. १६ जुलै रोजी जेम्स बेटावर ती संधी आली. पहाटे शत्रूने अचानक हल्ला केला, आणि चोपन्नाव्या पलटणीने तो रोखून धरल्यामुळे कनेक्टिकटची गोरी पलटण कापली जाता जाता वाचली. त्या रात्री लगेच कूच. वादळी पाऊस, दलदल, आणि दलदलीवर टाकलेल्या अरुंद फळ्या. दोन रात्री धड झोप नाही, दोन दिवस पोटात धड अन्न नाही. १८ जुलैच्या संध्याकाळी ही थकलेली माणसे मॉरिस बेटावर पोचली.

चार्ल्सटन बंदराच्या तोंडावर हे बेट आहे. युद्धाचा पहिला तोफगोळा याच बंदरात सुटला होता. बेटाच्या टोकाला वॅगनर किल्ला. किल्ला म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर राजगड, पन्हाळा उभे राहतात. हा तसा नव्हता. वाळूचे जाड तट, ताडाच्या जातीच्या झाडांचे ओंडके, पुढे पाण्याचा खंदक. तोफगोळा वाळूत रुतून बसे आणि तट तसाच राही. जाण्याची वाट एकच, समुद्र आणि दलदल यांमधली वाळूची चिंचोळी पट्टी. ११ जुलैचा हल्ला फसलेला होता. १८ तारखेला दिवसभर जमिनीवरून आणि युद्धनौकांवरून तोफा चालल्या. आतले सुमारे सतराशे लोक भुयारी तळघरांत सुरक्षित बसले होते, हे बाहेरच्या जनरलांना समजले नाही.

अग्रभागी कोण जाणार, असा प्रश्न आला तेव्हा स्ट्राँग यांनी तो मान चोपन्नाव्या पलटणीला देऊ केला आणि शॉने तो घेतला. उपाशी, थकल्या माणसांना सर्वांत पुढे घालणे हा मान की बळी, यावर आजही दुमत आहे. शॉचा हिशेब वेगळा होता. ज्या पलटणीकडे सगळा देश संशयाने पाहत होता, तिने नाही म्हटले असते तर त्या एका शब्दाचे ओझे पुढच्या सर्व काळ्या सैनिकांवर पडले असते. आपण यातून परतणार नाही, असे तो जवळच्या सहकाऱ्याशी बोलला होता. आपली पत्रे व कागद त्याने एका पत्रकार स्नेह्याच्या हवाली केले. मग रांगांसमोरून फिरला, सैनिकांशी चार शब्द बोलला. नेहमीपेक्षा त्या दिवशी त्याचे बोलणे मऊ होते, अशी आठवण मागे राहिलेल्यांनी सांगितली आहे.

दिवेलागणीच्या सुमारास सुमारे सहाशे जण निघाले. शॉ पायी, सर्वांच्या पुढे. प्रथम चालत, मग धावत. तट जवळ येताच सगळा किल्ला एकदम पेटला. रांगा कोसळल्या, उरलेले खंदकात उतरले आणि वाळूचा चढ चढून गेले. शॉ तटाच्या माथ्यावर पोचला, तलवार उंचावून त्याने लोकांना हाक दिली आणि छातीत गोळी लागून तो आतल्या बाजूला पडला. सार्जंट विल्यम कार्नी याने पडते निशाण उचलले आणि अनेक जखमा झाल्या तरी ते जमिनीला लागू न देता परत आणले. मागून आलेल्या गोऱ्या पलटणींचीही तीच गत झाली. एकूण पंधराशेवर माणसे कामी आली वा जायबंदी झाली. चोपन्नाव्या पलटणीची २७० हून अधिक. स्ट्राँगही जखमी होऊन बारा दिवसांनी वारले. किल्ला पडला नाही. सप्टेंबरात शत्रूने तो आपणहून सोडला.

त्याच आठवड्यात न्यूयॉर्कमध्ये सक्तीच्या लष्करभरतीविरुद्ध दंगल उसळली होती आणि जमावाने काळ्यांना रस्त्यांत ठार मारले, काळ्या अनाथ मुलांचा आश्रम जाळला. पलटणीतील सार्जंट रॉबर्ट सिमन्स वॅगनरला जखमी होऊन कैद झाला आणि चार्ल्सटनला मरण पावला. त्याचा कोवळा भाचा त्या दंगलीत मारला गेला होता.

पडलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्याचे प्रेत सन्मानाने परत करण्याचा प्रघात होता. शॉचे प्रेत परत केले नाही. त्याला त्याच्या काळ्या सैनिकांबरोबर एकाच चरात पुरले. हा अपमान ठरावा अशी पुरणाऱ्यांची इच्छा होती. पुढे प्रेत शोधून काढण्याची भाषा निघाली तेव्हा फ्रान्सिस शॉ यांनी सेनापतींना लिहून ते थांबवले. मुलगा आपल्या माणसांत पडला आहे, यापेक्षा पवित्र जागा आपल्याला ठाऊक नाही, असा त्या पत्राचा आशय होता. शत्रूने टाकलेला डाग बापाने असा अंगावरचा दागिना करून घेतला.

यानंतर दहा वर्षांनी, १८७३ साली, पुण्यात जोतीराव फुले यांनी आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकन जनतेला अर्पण केले.

पलटणीतल्या सैनिकांनी कर्नलच्या स्मारकासाठी आपसांत पैसे जमवले. ते पैसे शेवटी चार्ल्सटनमधील काळ्या मुलांच्या शाळेकडे गेले, आणि तिला शॉचे नाव मिळाले. बोस्टनमधले स्मारक पुष्कळ उशिरा, ३१ मे १८९७ रोजी झाले. शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडन्स याने त्यावर चौदा वर्षे घालवली. ब्राँझमध्ये शॉ घोड्यावर आहे, २८ मेच्या संचलनात होता तसा, आणि त्याच्या बरोबरीने बंदुका घेतलेले पायदळ चालले आहे, प्रत्येकाचा चेहरा वेगळा. कार्नीला त्याच्या शौर्याचे पदक मिळाले ते १९०० साली, लढाईनंतर सदतीस वर्षांनी. स्मारकावर आरंभी पडलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची नावे तेवढी कोरली होती. पडलेल्या सैनिकांची नावे मागील बाजूस कोरली गेली ती १९८० च्या दशकाच्या आरंभी.