दादासाहेब फाळके : छंद, कॅमेरा आणि कुंडीतला वाटाणा



आपल्या कापूरहोळ परिसरातल्या मुलांना शूटिंग काही नवीन नाही. महामार्ग सोडून भोरकडे वळणाऱ्या रस्त्यावर शूटिंगच्या गाड्या दिसतात, भोरचा राजवाडा तर कितीतरी चित्रपटांत दिसला आहे. शिवाय आता घरोघरी मोबाइल असल्यामुळे प्रत्येक मुलाच्या हाताशी कॅमेरा आहे. पण पडद्यावरचं चित्र हलतं कसं, असं वर्गात विचारलं की सगळे एकमेकांकडे बघायला लागतात.

दादासाहेब फाळके यांची माहिती आपण दरवर्षी सांगतो. पहिला भारतीय चित्रपट 'राजा हरिश्चंद्र', साल १९१३. प्रश्नपत्रिकेपुरतं एवढं पाठ असतं. पण त्याआधीची तेवीस वर्षं हा माणूस कॅमेरा, भिंगं, रसायनं आणि छपाईची यंत्रं यांच्याशी झटापट करत होता. त्या तेवीस वर्षांत मुलांनाही आणि पालकांनाही घेण्यासारखं खूप आहे, म्हणून आज चरित्राची ती बाजू बघू या.

बालपण आणि शिक्षण

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळ त्र्यंबकेश्वरला झाला. वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे विद्वान. त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकवण्याची नोकरी मिळाली आणि घर मुंबईला आलं. शास्त्रीबुवांचा मुलगा पोथ्यांकडे वळेल असं कुणालाही वाटलं असतं. पण धुंडिराजला चित्रं काढण्याची, नाटकाची आणि जादूच्या प्रयोगांची ओढ. १८८५ मध्ये त्याने सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला. पुढे थोरल्या भावाबरोबर तो बडोद्याला गेला आणि तिथल्या कलाभवनात शिकू लागला.

कलाभवन ही त्या काळातली वेगळीच संस्था होती. चित्रकला आणि यंत्रकाम एकाच छपराखाली शिकवलं जायचं. संस्थेचे प्रमुख प्राध्यापक गज्जर यांनी या मुलाची हुशारी ओळखली आणि छायाचित्रणाची खोली त्याला वापरायला दिली. एका शिक्षकाने एका विद्यार्थ्याला खोली उघडून दिली, इतकीच ही घटना. पण आपण शिक्षकांनी ती लक्षात ठेवावी अशी आहे.

पहिला कॅमेरा

१८९० च्या सुमारास फाळके यांनी कॅमेरा घेतला. तेव्हा फोटो काढणं म्हणजे बटण दाबणं नव्हतं, हे मुलांना नीट समजावून सांगायला हवं. लाकडी पेटीसारखा कॅमेरा तिपाईवर उभा करायचा. डोक्यावर काळं कापड घेऊन मागच्या काचेवर उलटं दिसणारं चित्र नीट जुळवायचं. मग तिथे रसायन लावलेली काचेची प्लेट बसवायची आणि उजेड किती वेळ आत सोडायचा याचा अंदाज बांधायचा. त्यानंतर अंधारखोलीत लाल दिव्याच्या मंद उजेडात ती प्लेट रसायनात धुवायची, पक्की करायची, वाळवायची आणि तिच्यावरून कागदावर प्रत काढायची. यातली एक पायरी चुकली की प्लेट वाया, म्हणजे पैसे वाया.

मोबाइलवर आपण एका प्रसंगाचे वीस फोटो काढतो आणि एकोणीस पुसून टाकतो. तेव्हाच्या हौशी माणसाला एक फोटो काढण्याआधी वीसदा विचार करावा लागे. फाळके यांची बैठक या कामातून तयार झाली. फोटो काढण्यापासून तो छापण्यापर्यंतचं प्रत्येक काम ते स्वतःच्या हाताने शिकले. रतलामला जाऊन तीनरंगी ठसे बनवण्याचं तंत्रही त्यांनी आत्मसात केलं.

छंदाचा धंदा, आणि संकटं

१८९५ च्या सुमारास ते गोध्र्याला गेले आणि फोटोचा व्यवसाय सुरू केला. घडी बसते आहे असं वाटत असतानाच प्लेगची साथ आली. त्या साथीत त्यांची पहिली पत्नी आणि मूल दोघेही गेले. फाळके गोध्रा सोडून बडोद्याला परतले आणि तिथे पुन्हा फोटोचं दुकान थाटून बघितलं. पण फोटो काढला की अंगातली शक्ती ओढली जाते, आयुष्य कमी होतं, अशी समजूत तेव्हा पसरलेली होती. लोक कॅमेऱ्यासमोर बसायलाच घाबरायचे. धंदा चालेना. मग त्यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले, जादूचे प्रयोग शिकले.

१९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. या पत्नी म्हणजे सरस्वतीबाई. त्यांच्याबद्दल पुढे वेगळं सांगायचं आहे.

१९०३ पासून काही वर्षं फाळके यांनी पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून नोकरी केली. स्वदेशीच्या चळवळीच्या दिवसांत ती सोडून त्यांनी लोणावळ्याला छापखाना काढला. राजा रविवर्मा यांच्या छापखान्यासाठी काम केलं. पुढे छापखाना मुंबईला आला आणि रंगीत छपाईची यंत्रं बघायला ते १९०९ मध्ये जर्मनीलाही जाऊन आले. मात्र भागीदारांशी पटलं नाही आणि त्या धंद्यातून ते बाहेर पडले. वय चाळीस, पदरात मुलं, हाताला काम नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हिशोबाने हा फुकट गेलेला माणूस होता!

पडद्यावरचा ख्रिस्त

१९१०-११ च्या सुमारास गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये फाळके यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि त्यांच्या मनात राम आणि कृष्ण उभे राहिले. आपल्या कथा आपल्याच माणसांनी अशा का दाखवू नयेत, हा विचार डोक्यात बसला तो बसलाच.

मात्र त्यांनी लगेच चित्रपट काढायला घेतला नाही. आधी अभ्यास सुरू केला. मिळतील तेवढे चित्रपट पाहिले. एक लहानसा कॅमेरा आणि फिल्मची रिळं आणली, घरी मेणबत्तीच्या उजेडात भिंगातून भिंतीवर चित्रं पाडून पाहिली. पुस्तकं वाचली. रात्ररात्र जागरण आणि डोळ्यांवर सततचा ताण, याचा परिणाम असा झाला की त्यांची दृष्टीच गेली. काही काळ त्यांना दिसेनासं झालं. उपचार झाले, चष्मे बदलले आणि दृष्टी परत आली. बरं वाटताच ते पुन्हा त्याच कामाला लागले. मुलांना हे सांगताना आपण जपून सांगावं. चिकाटी घेण्यासारखी आहे, डोळ्यांची हेळसांड नाही.

लंडनची खरेदी

विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून १ फेब्रुवारी १९१२ रोजी फाळके लंडनला निघाले. तिथे ओळखीचं कुणी नव्हतं. 'बायोस्कोप' नावाच्या सिनेमाविषयक साप्ताहिकाच्या कचेरीत ते थेट जाऊन उभे राहिले. संपादक कॅबर्न यांनी आधी त्यांना या धंद्यातले धोके सांगितले. माणूस मागे हटत नाही असं दिसल्यावर त्यांनी चित्रपटनिर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थ यांच्या स्टुडिओत फाळके यांनी सगळं काम डोळ्यांनी पाहिलं.

मग खरेदी. विल्यमसन कंपनीचा हाताने फिरवायचा कॅमेरा, कोडॅकची कच्ची फिल्म आणि फिल्मच्या कडांना भोकं पाडायचं यंत्र. परत आले १ एप्रिल १९१२ रोजी. म्हणजे जाणं, शिकणं, खरेदी आणि येणं, सगळं दोन महिन्यांत. मुक्काम थोडा पुरला, कारण अंधारखोली, रसायनं आणि भिंगं हातात वीस वर्षं मुरलेली होती. कोरी पाटी घेऊन गेलेल्या माणसाला इतक्या दिवसांत यंत्राची नावंसुद्धा पाठ झाली नसती.

कुंडीतला वाटाणा

सामान आलं, पण भांडवल कोण देणार? लोकांना आधी काहीतरी करून दाखवायला हवं होतं. फाळके यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा पक्का बसवला आणि महिनाभर रोज त्या रोपाची चित्रं टिपली. रीळ धुऊन पडद्यावर लावलं तेव्हा बी फुटून, कोंब वर येऊन, बघता बघता रोप वाढताना दिसलं. महिन्याची वाढ मिनिटभरात! हा चिमुकला चित्रपट 'अंकुराची वाढ' म्हणून ओळखला जातो. तो पाहिल्यावर कर्ज द्यायला माणसं तयार झाली.

इथे गणिताचा तास होऊ शकतो. त्या काळी पडद्यावर सेकंदाला साधारण १६ चित्रं सरकत. म्हणजे एका मिनिटाला १६ × ६० = ९६० चित्रं. ती ३० दिवसांत टिपायची तर रोज ३२. कॅमेरा जागचा केसभर हलला, एखाद्या दिवशी कंटाळा आला, की रोप पडद्यावर धक्के खात वाढणार. मुलांना हा हिशोब फळ्यावर मांडू द्या, संयम म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागणार नाही.

सरस्वतीबाईंचे हात

चरित्रात सरस्वतीबाईंना बहुतेक वेळा एक ओळ मिळते : त्यांनी दागिने दिले. दागिने त्यांनी दिलेच, पण हात कितीतरी जास्त दिले. भोकं नसलेली फिल्म यायची. तिच्या दोन्ही कडांना एकसारख्या अंतरावर भोकं पाडल्याशिवाय ती कॅमेऱ्यातून सरकत नाही. उजेड लागला तर फिल्म खराब. त्यामुळे रात्री, अंधारात, दिवसभराचं घरकाम उरकल्यावर सरस्वतीबाई यंत्रावर बसून हे काम करायच्या.

किती भोकं असतील? एक फूट फिल्मवर १६ चित्रं मावतात आणि प्रत्येक चित्राला एका कडेला ४ भोकं लागतात. म्हणजे फुटाला एका कडेची ६४. 'राजा हरिश्चंद्र' ची लांबी सुमारे ३,७०० फूट. गुणाकार केला तर एका कडेची २,३६,८०० आणि दोन्ही कडांची ४,७३,६०० भोकं! शिवाय पडद्यावर दाखवायच्या प्रतीसाठी वेगळी फिल्म लागते, ती यात धरलेलीच नाही.

फिल्म धुण्याची रसायनं कालवणं, रीळ जोडणं, चित्रीकरणाच्या वेळी नटांच्या तोंडावर उजेड पाडण्यासाठी उन्हात पांढरी चादर धरून उभं राहणं, हीसुद्धा त्यांची कामं. त्यात सगळ्या मंडळींचा स्वयंपाक आणि स्वतःची मुलं. भारतातल्या पहिल्या चित्रपट-तंत्रज्ञांमध्ये त्यांचं नाव आदराने घ्यायला हवं. मुलींच्या वर्गात तर हा भाग आवर्जून सांगा.

'राजा हरिश्चंद्र' आणि नंतर

दादरच्या घरीच स्टुडिओ उभा राहिला. तारामतीच्या भूमिकेला कुणी स्त्री तयार होईना, तेव्हा उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांनी ती भूमिका केली. रोहिदास झाला फाळके यांचा मुलगा भालचंद्र. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये चित्रपट लागला आणि लोकांनी गर्दी केली.

पुढे १९१७ चा 'लंकादहन' खूप गाजला. १९१९ च्या 'कालिया मर्दन' मध्ये त्यांची लेक मंदाकिनी कृष्ण झाली. नाशिकला कंपनी निघाली. चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारा एक लघुपटही त्यांनी केला. शिकलेलं झाकून न ठेवता दाखवून देणारा, असा हा शिक्षकाचा स्वभाव होता.

शेवट मात्र गोड नाही. १९३१ मध्ये बोलपट आले आणि मूकपटाचं तंत्र मागे पडलं. १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांनी कोल्हापूरला केलेला बोलपट, तोच त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचं निधन झालं, तेव्हा हाताशी पैसा नव्हता आणि चित्रपटसृष्टी त्यांना बरीचशी विसरली होती. त्यांच्या नव्वदहून अधिक चित्रपटांपैकी आज अगदी थोड्यांचे तुकडे शिल्लक आहेत. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला तो १९६९ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी.

पालकांसाठी थोडंसं

मूल सारखं मोबाइल घेऊन बसतं, ही तक्रार प्रत्येक पालकसभेत येते. ती रास्तही आहे. फाळके यांचं उदाहरण देऊन प्रत्येक छंदातून नाव आणि पैसा मिळतो असं मी म्हणणार नाही. त्यांना स्वतःलाही तो पैसा टिकवता आला नाही. पण नुसतं बघत बसणं आणि काहीतरी करून बघणं, यात फरक आहे. मूल तासभर दुसऱ्याचे व्हिडिओ बघत असेल तर जरूर थांबवा. मात्र उजेड कुठून यावा म्हणून ते खिडकीपाशी वस्तू हलवत असेल, तर थोडा वेळ द्या.

वर्गात करता येईल असा प्रयोग

१. आपल्याकडे नारायणपूर-सासवडच्या बाजूला वाटाण्याचं पीक भरपूर होतं, बी सहज मिळेल. रात्रभर भिजवून कुंडीत पेरा.

२. कुंडी आणि मोबाइल ठेवायची जागा खडूने आखून घ्या. मागे एकरंगी पुठ्ठा उभा करा.

३. शाळेच्या वेळात ठरावीक अंतराने रोज ८ फोटो. मुलांच्या पाळ्या लावा. २० दिवसांत १६० फोटो होतील.

४. फोटो एकामागे एक सेकंदाला १६ या वेगाने लावा. १० सेकंदांचा चित्रपट तयार होईल.

५. शेवटी मुलांना विचारा : रोप धक्का खाऊन कुठे हललं? त्या दिवशी काय झालं होतं? पाळी कुणाची होती हे विचारू नका, कारण काय होतं ते शोधू द्या.

विज्ञान, गणित, मराठी आणि इतिहास, चारही विषय एका कुंडीत मावतात. करून बघा, आणि पुढच्या पालकसभेत तो दहा सेकंदांचा चित्रपट भिंतीवर लावा.