हिदेयो नोगुची आणि मळसूत्राकार जंतू

शास्त्रज्ञांची चरित्रे आपल्या भाषांत बहुधा एकाच साच्यातून उतरलेली दिसतात. आधी दारिद्र्य, मग जिद्द, मग शोध आणि शेवटी कीर्ती. जपानी सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञ हिदेयो नोगुची यांचे आयुष्य या साच्यात इतके चपखल बसते, की जपानमध्ये मुलांसाठी लिहिलेल्या चरित्रांनी ते पिढ्यान्‌पिढ्या आदर्श म्हणून सांगितले. या चरित्रांत जे गाळले गेले, त्यामुळे नोगुचींचे शास्त्रीय कार्यच दुर्बोध होऊन बसते. मळसूत्रासारख्या पीळदार जंतूंचा, म्हणजे स्पायरोकीटांचा, त्यांनी आयुष्यभर पाठपुरावा केला. त्यांचे सर्वांत मोठे यश या पाठपुराव्यातून आले आणि सर्वांत मोठी चूकही त्यातूनच आली.

नोगुचींचा जन्म ९ नोव्हेंबर १८७६ रोजी फुकुशिमा प्रांतातील इनावाशिरो येथे एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव सेइसाकु. दीड वर्षांचे असताना ते घरातील चुलाण्यात पडले आणि डाव्या हाताची बोटे भाजून एकमेकांना चिकटली. या हाताने शेतीचे काम होणे शक्य नव्हते. म्हणून आई शिका हिने मोलमजुरी करून मुलाला शाळेत ठेवले. कोबायाशी साकाए या शिक्षकांनी त्यांना आश्रय दिला. पुढे शिक्षक व सहाध्यायी यांनी वर्गणी जमवली आणि १८९२ साली वातानाबे कानाए या डॉक्टरांनी हातावर शस्त्रक्रिया केली. बोटे काही अंशी मोकळी झाली आणि मुलाने वैद्यक हाच आपला मार्ग ठरवला. १८९६ साली टोकियोला निघताना, ध्येय साधल्यावाचून या घरी पाऊल टाकणार नाही, अशी प्रतिज्ञा त्यांनी घराच्या खांबावर कोरून ठेवली. ती अक्षरे आजही तेथे दाखवली जातात.

टोकियोत चिवाकी मोरिनोसुके या दंतवैद्यांच्या पाठबळावर त्यांनी १८९७ साली वैद्यकीय परवान्याची परीक्षा पूर्ण केली. चरित्रकार ज्याविषयी सहसा मौन पाळतात तो भाग येथून सुरू होतो. हातात पैसा आला की तो मद्यात आणि मेजवान्यांत उडवायचा, मग पुन्हा आश्रयदात्यापुढे हात पसरायचा, हा त्यांचा क्रम होता. अमेरिकेला जाण्यासाठी वाग्दत्त वधूच्या घरून मिळालेली रक्कमही त्यांनी निरोपाच्या मेजवानीत संपवली. चिवाकींना कर्ज काढून प्रवासाची सोय करावी लागली.

साहित्याच्या अभ्यासकाला विशेष वाटावी अशी एक गोष्ट याच काळातली आहे. त्सुबोउची शोयो यांच्या १८८५–८६ मधील ‘तोसेई शोसेई कातागी’ या कादंबरीत नोनोगुची सेइसाकु नावाचा एक वैद्यकाचा विद्यार्थी आहे. हुशार असूनही तो व्यसनांपायी नासतो. कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा नोगुची खेड्यातील शाळकरी पोर होते, त्यामुळे हे नामसाम्य केवळ योगायोगाचे. पण ती वाचनात आल्यावर ते इतके अस्वस्थ झाले, की १८९८ साली त्यांनी खटपट करून स्वतःचे नाव बदलून घेतले आणि सेइसाकुचे हिदेयो झाले. कल्पित पात्राने जिवंत माणसाचे नाव बदलल्याची उदाहरणे वाङ्मयाच्या इतिहासात फारशी नसावीत. नाव बदलले, सवयी मात्र त्याच राहिल्या.

काही काळ किताझातो शिबासाबुरो यांच्या संसर्गजन्य रोगांच्या संस्थेत काम केल्यावर १९०० सालच्या अखेरीस ते फिलाडेल्फियात सायमन फ्लेक्सनर यांच्या दारात जाऊन उभे राहिले. निश्चित आमंत्रण नव्हते. फ्लेक्सनरांनी त्यांना सर्पविषाच्या कामावर घेतले. पुढे कोपनहेगनमध्ये काही काळ घालवून १९०४ पासून ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत स्थिरावले.

१९०५ साली बर्लिनमध्ये शाउडिन व होफमान यांनी उपदंशाचा जंतू ओळखला होता. ट्रेपोनेमा पॅलिडम या नावाने ओळखला जाणारा हा जंतू अत्यंत बारीक, फिकट आणि पीळदार असून साध्या रंगद्रव्यांना दाद देत नाही. तो पाहण्यासाठी काळ्या पार्श्वभूमीवर प्रकाश तिरपा पाडावा लागतो किंवा ऊतीवर चांदीच्या क्षाराची पुटे चढवावी लागतात. हे काम चिकाटीचे आणि नजरेचे होते. नोगुचींजवळ दोन्ही विपुल होते. शिवाय ते रात्र रात्र झोपत नसत. उपदंश होऊन गेल्यावर अनेक वर्षांनी काही रोग्यांना वेड व पक्षाघात जडतो. जनरल पॅरेसिस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या विकाराचा उपदंशाशी संबंध असावा असा संशय होता, पण पुरावा नव्हता. १९१३ साली नोगुची व त्यांचे सहकारी मूर यांनी अशा सत्तर मृतांचे मेंदू तपासले आणि त्यांतील काहींत तो जंतू प्रत्यक्ष दाखवून दिला. वेडाच्या एका प्रकाराला दृश्य कारण मिळाले. मानसिक विकारांविषयीच्या विचारात या शोधाने जे परिवर्तन घडवले ते कमी लेखता येणार नाही.

हा जंतू शुद्ध स्वरूपात प्रयोगशाळेत वाढवल्याचा त्यांचा १९११ चा दावा मात्र टिकला नाही. तो जंतू सशाच्या जिवंत पेशींच्या सोबतीने दीर्घकाळ वाढवणे २०१८ साली जमले; पेशींवाचून तो अद्याप वाढलेला नाही. याच सुमारास ल्युएटिन नावाच्या त्वचाचाचणीसाठी त्यांनी रुग्णालयांतील रोग्यांवर आणि उपदंश नसलेल्या अनाथ मुलांवर प्रयोग केले. संमती घेतली गेली नव्हती. १९१२ साली न्यूयॉर्कमध्ये त्यावर गदारोळ झाला आणि शिक्षेवाचून शमला. आजचा वाचक ही बाब तळटीपेत ढकलू शकणार नाही.

१९१५ साली इनादा व इदो या जपानी संशोधकांनी वाइलच्या रोगाचे कारण असलेला मळसूत्राकार जंतू शोधला. नोगुचींनी त्याचा अभ्यास करून त्या जातिसमूहाला लेप्टोस्पायरा, म्हणजे बारीक पीळ, हे नाव दिले. २००५ च्या जुलैतील महापुरानंतर मुंबईत ज्या आजाराची साथ आली त्याला आपण ‘लेप्टो’ म्हणतो, ते याच नावाचे अर्धुक होय.

१९१८ साली पीतज्वराचे कारण शोधण्यासाठी ते इक्वादोरमधील ग्वायाकील बंदरात गेले. थोड्याच दिवसांत रोग्यांच्या रक्तातून त्यांना एक लेप्टोस्पायरा मिळाला. हाच पीतज्वराचा जंतू, असे जाहीर करून त्यांनी लसही तयार केली. वास्तविक वाइलचा रोग आणि पीतज्वर यांची लक्षणे इतकी सारखी, की रोग्यांत दोन्हींची सरमिसळ झाली होती. प्रयोगासाठी निवडलेला गिनीपिग वाइलच्या जंतूला तत्काळ बळी पडतो, पीतज्वराला पडत नाही. म्हणजे चाळणीच अशी होती की जे शोधायचे ते गळून जावे आणि जे ओळखीचे ते वर राहावे. पीतज्वराचे कारण अतिसूक्ष्म असून ते जंतू अडवणाऱ्या गाळणीतून पार जाते, हे रीड यांच्या मंडळाने क्युबात दाखवले होते. पण लेप्टोस्पायराही त्या गाळणीतून निसटू शकतो, हे उत्तर नोगुचींजवळ होते आणि ते खरेही होते. डासांच्या अळ्यांचा नायनाट झाल्यामुळे ग्वायाकीलची साथ १९१९ साली संपली. श्रेयातील वाटा लसीला मिळाला.

१९२६ साली थायलर व सेलार्ड्‌स यांनी नोगुचींचा जंतू वाइलच्या जंतूहून भिन्न नसल्याचे सिद्ध केले. त्याच काळात पेरूमधील ओरोया ज्वर व वेरुगा हे एकाच जंतूचे दोन आविष्कार असल्याचे नोगुचींनी दाखवले होते, आणि ते काम आजही ग्राह्य आहे. १९२७ साली पश्चिम आफ्रिकेत स्टोक्स, बाउअर व हडसन यांनी पीतज्वराची लागण ऱ्हीसस माकडाला, म्हणजे आपल्या उत्तर भारतातील देवळांच्या आवारात हिंडणाऱ्या तांबड्या तोंडाच्या माकडाला, करून दाखवली. लेप्टोस्पायरा कोठेच सापडला नाही. स्टोक्स स्वतः त्याच तापाने वारले.

नोगुची त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आक्राला पोहोचले. प्रकृती खालावलेली होती. आपला जंतू पुन्हा गाठावा किंवा आपला पराभव स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा, यांपैकी कोणत्या हेतूने ते गेले, याबद्दल चरित्रकारांत एकमत नाही. माझ्या मते दोन्ही हेतू वेगळे काढता येत नाहीत. शेकडो माकडांवर त्यांनी रात्रंदिवस काम केले. २१ मे १९२८ रोजी पीतज्वरानेच त्यांचा अंत झाला. तेथील प्रयोगशाळेचे प्रमुख यंग हेही थोड्याच दिवसांत त्याच रोगाने गेले. थायलर यांनी पुढे रॉकफेलर संस्थेतच पीतज्वराची खरी लस सिद्ध केली आणि १९५१ चे नोबेल पारितोषिक मिळवले.

मायदेश सोडल्यावर नोगुची एकदाच, १९१५ साली, परतले होते. त्याआधी १९१२ साली निरक्षरप्राय आईने मोठ्या कष्टाने अक्षरे गिरवून, एकदा तरी ये, असे विनवणारे पत्र त्यांना लिहिले होते. वेड्यावाकड्या लिपीतले, चुकांनी भरलेले ते पत्र इनावाशिरोच्या स्मारकात जतन केलेले आहे. नोगुचींच्या कोणत्याही शोधनिबंधापेक्षा ते जपानी वाचकांच्या अधिक परिचयाचे असावे. शिका १९१८ साली वारली. मुलगा त्या वर्षी ग्वायाकीलच्या मोहिमेत गुंतला होता.

२००४ पासून जपानच्या हजार येनच्या नोटेवर नोगुचींचे चित्र होते. जुलै २०२४ मध्ये निघालेल्या नव्या नोटेवर त्यांच्या जागी किताझातो आले.