विश्लेषण : ब्रिटिश सरकारने एका ब्रिटिश संपादकालाच हिंदुस्थानातून का हाकलले? कोण होते बी. जी. हॉर्निमन?

मुंबईच्या फोर्टमध्ये एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसले की समोर गोलाकार बाग दिसते, हॉर्निमन सर्कल. पूर्वी हे एल्फिन्स्टन सर्कल होते. स्वातंत्र्यानंतर गव्हर्नरसाहेबांचे नाव गेले, पण त्या जागी आले तेही एका इंग्रजाचेच. तो इंग्रज ना गव्हर्नर होता, ना लष्करी अधिकारी. तो एका वर्तमानपत्राचा संपादक होता आणि त्याच्याच देशाच्या सरकारने खटला न चालवता त्याला येथून बाहेर काढले होते. इंटरनेट बंदी, बातम्यांवरचे निर्बंध आणि 'खोट्या बातम्या' यांवर आज जो वाद होतो, तो या संपादकाच्या आयुष्यात शंभर वर्षांपूर्वीच येऊन गेला आहे.

हॉर्निमन मुंबईत कसे आले?

बेंजामिन गाय हॉर्निमन यांचा जन्म १८७३ मध्ये इंग्लंडमधील ससेक्स परगण्यात झाला. इंग्लंडमध्ये पत्रकारिता केल्यावर १९०६ मध्ये ते कोलकात्याच्या 'द स्टेट्समन'मध्ये आले. सर फिरोजशहा मेहता यांनी १९१३ मध्ये मुंबईत 'बॉम्बे क्रॉनिकल' सुरू केले आणि संपादकपद हॉर्निमन यांच्याकडे सोपवले. मुंबईतील मोठी इंग्रजी वृत्तपत्रे तेव्हा इंग्रजांच्या हातात होती. भारतीयांची बाजू इंग्रजीत मांडणारे दैनिक मेहतांना हवे होते.

हॉर्निमन यांनी ते काम मनावर घेतले. ॲनी बेझंट यांच्या होमरूल चळवळीला त्यांनी उघड पाठिंबा दिला. 'प्रेस असोसिएशन ऑफ इंडिया' या पत्रकारांच्या संघटनेचे ते अध्यक्ष झाले आणि जाचक वृत्तपत्र कायद्यांविरोधात सरकारदरबारी दाद मागत राहिले.

वृत्तपत्र कायद्यात जाचक काय होते?

१९१०च्या कायद्यानुसार नवा छापखाना सुरू करणाऱ्याकडून ५०० ते २,००० रुपये अनामत मागता येत असे. आधीपासून चालू असलेल्यांकडून ५,००० रुपयांपर्यंत. मजकूर आक्षेपार्ह वाटला की सरकार अनामत जप्त करी आणि पुन्हा सुरुवात करायची तर १०,००० रुपयांपर्यंत नवी अनामत मागे. त्या काळात ही रक्कम छोट्या पत्राचे कंबरडे मोडणारी होती. दर अंकावर सेन्सॉर बसवायची गरजच नव्हती, पैसे बुडण्याच्या धास्तीने संपादक स्वतःच शब्द गाळत असे.

एप्रिल १९१९ मध्ये काय घडले?

महायुद्ध नोव्हेंबर १९१८ मध्ये थांबले. युद्धकाळातील विशेष अधिकार पुढेही हाताशी राहावेत म्हणून सरकारने मार्च १९१९ मध्ये रौलट कायदा आणला. त्याविरुद्ध गांधीजींनी सत्याग्रह पुकारला. ६ एप्रिलला मुंबईत बंदी असलेली पुस्तके खुलेआम विकली गेली. दुसऱ्याच दिवशी गांधीजींनी 'सत्याग्रही' हे विनानोंदणीचे पत्र काढले. मुंबईतील या चळवळीत हॉर्निमन पुढे होते.

१३ एप्रिलला अमृतसरच्या जालियनवाला बागेत गोळीबार झाला. सरकारी आकड्यानुसारच ३७९ जण मारले गेले. १५ एप्रिलपासून पंजाबात लष्करी कायदा लागू झाला आणि बातम्यांची वाट रोखली गेली. लाहोरच्या 'ट्रिब्यून'चे संपादक कालीनाथ रॉय यांना दोन वर्षांची शिक्षा झाली, ती नंतर तीन महिन्यांवर आली. जनरल डायरने चौकशी समितीपुढे साक्ष दिली ती नोव्हेंबरमध्ये. घटना आणि तिचा उघड हिशेब यांत सात महिने गेले.

हद्दपारी कोणत्या आरोपावरून?

२६ एप्रिल १९१९ रोजी हॉर्निमन यांना ताब्यात घेऊन इंग्लंडला रवाना करण्यात आले. त्यासाठी वापरले गेले युद्धकाळातील भारत संरक्षण नियम. भारतमंत्री मॉन्टेग्यू यांनी ब्रिटिश संसदेत कारण दिले. दिल्लीत जमावावर मऊ टोकाच्या, शरीरात फुटणाऱ्या गोळ्या झाडल्याचा आरोप 'क्रॉनिकल'ने छापला आणि हे पत्र मुंबईतील ब्रिटिश सैनिकांना फुकट वाटले जात होते, असे सरकारचे म्हणणे होते.

बातमी चुकीची असू शकते. तसे असेल तर खटला भरायचा, पुरावा मांडायचा आणि संपादकाला उत्तर देऊ द्यायचे, हा सरळ मार्ग. येथे बातमी खरी की खोटी हे ठरवणारे सरकारच होते आणि शिक्षा देणारेही सरकारच. न्यायालयाचा टप्पाच गाळला गेला.

आवाज बंद झाला का?

'क्रॉनिकल'चे प्रकाशन काही काळ थांबले. पण 'क्रॉनिकल'शी संबंधित उमर सोबानी आणि शंकरलाल बँकर यांनी आपले 'यंग इंडिया' गांधीजींच्या हाती दिले. पाठोपाठ 'नवजीवन'ही आले. एका संपादकाला गप्प करण्याच्या प्रयत्नातून गांधीजींना दोन पत्रे मिळाली. तिकडे इंग्लंडमध्ये हॉर्निमन यांनी १९२० मध्ये अमृतसरवर पुस्तक लिहून तेथील वाचकांसमोर पंजाबची हकिगत ठेवली. १९१०चा कायदाही १९२२ मध्ये रद्द झाला.

हॉर्निमन यांना मात्र परतण्यासाठी जानेवारी १९२६ पर्यंत थांबावे लागले. जवळजवळ सात वर्षे. आल्यावर त्यांनी पुन्हा 'क्रॉनिकल'ची लेखणी धरली. १९३३ मध्ये 'बॉम्बे सेंटिनल' हे सायंदैनिक सुरू झाले, त्याचे ते संपादक झाले. १९४१ मध्ये रूसी करंजिया आणि दिनकर नाडकर्णी यांच्यासोबत 'ब्लिट्झ' साप्ताहिकाच्या उभारणीतही ते होते. स्वतंत्र भारत पाहून ऑक्टोबर १९४८ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज याचा संबंध काय?

हॉर्निमन यांच्या काळातले तीन प्रश्न आजही तेच आहेत, फक्त छापखान्याच्या जागी मोबाइल आला आहे.

पहिला, प्रवेशाची किंमत. तेव्हा अनामत होती. इंटरनेटवर ठरावीक साइट स्वस्त आणि बाकी महाग असा भेद झाला, तर छोट्या वृत्तस्थळाची तीच गत होईल. म्हणूनच 'ट्राय'ने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकुरानुसार वेगवेगळे डेटा दर लावण्यास मनाई केली.

दुसरा, बातम्यांची नाकेबंदी. जानेवारी २०२० मध्ये काश्मीरसंदर्भातील अनुराधा भसीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बेमुदत इंटरनेट बंदी चालणार नाही आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध करावे लागतील, असे स्पष्ट केले. आदेश समोर असेल तरच नागरिकाला त्याविरुद्ध न्यायालयात जाता येते. पंजाबातल्या लोकांना १९१९ मध्ये ती सोय नव्हती.

तिसरा, खरे-खोटे कोण ठरवणार? अफवांमुळे जीव जातात, हे नाकारता येत नाही. पण ज्याच्यावर बातमी आहे, तोच निवाडा करू लागला तर अफवांबरोबर खऱ्या बातम्याही दडपल्या जातात. राज्यघटनेचे कलम १९(१)(अ) अभिव्यक्तीचा अधिकार देते. त्यावर निर्बंधही घालता येतात, पण ते वाजवी आहेत की नाही हे शेवटी न्यायालय तपासते. हॉर्निमन यांना बोटीवर चढवले गेले, तेव्हा नेमकी हीच तपासणी झाली नव्हती.